साडेतीस, एकतीस, पावणेबत्तीस: गोधडी जमत नाही असं वाटतं तेव्हा

पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चार महिने व्हिडिओ बघून त्या क्विल्टिंग शिकतायत. नणंदेच्या बाळासाठी दुपटं करायला घेतलं. पाच इंची चौकोन, आडवे ७, उभे ८. तीन ओळी शिवल्या आणि हात थांबला. पहिली ओळ साडेतीस इंच भरली, दुसरी ३१, तिसरी पावणेबत्तीस, म्हणजे एकीला दुसरी जुळत नाही. वेगळ्या तुकड्यावर हाताने धावदोरा घालून पाहिला तर टाके लहानमोठे. घरात सासूबाईंनी शिवलेली गोधडी आहे, तिच्याकडे बघितलं की आपला हात या कामाचा नाही असं वाटतं. पुढे जावं, की कापड कपाटात ठेवून द्यावं?

ताई, तुम्ही ओळी मोजल्यात, हे फार चांगलं केलंत. तुम्हाला त्या आकड्यांत गोंधळ दिसला. मला त्यात दुसरंच दिसतं, ते आधी मांडते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि माया म्हणजे शिवणीच्या बाहेर कडेला सोडलेलं कापड. पाच इंची चौकोन दोन्ही बाजूंनी २-२ सूत माया घेऊन जोडला की साडेचार इंच दिसतो. सात चौकोनांचे साडेएकतीस इंच होतात आणि दोन टोकांची न शिवलेली माया धरून ओळ ३२ इंच यायला हवी. तुमची पहिली ओळ दीड इंचाने, म्हणजे १२ सुतांनी कमी आहे. सात चौकोनांत जोड सहा. म्हणजे दर जोडाला २ सूत जास्त गेले, दर बाजूला एक सूत. तुम्ही २ सुतांऐवजी ३ सुतांची माया घेत होतात, आणि सहाही जोडांना साधारण तेवढीच घेतलीत. दुसऱ्या ओळीत कसर ८ सुतांची आहे. तिसऱ्या ओळीत फक्त २ सुतांची, दर जोडाला सुताचा तिसरा हिस्सा. १२, ८, २. हात सुधारत चाललाय, तेही कुणी न सांगता.

हा हिशोब दोन गोष्टींवर अवलंबून आहे: ओळी याच क्रमाने शिवल्या असतील आणि चौकोन खरोखर पाच इंचांचे असतील. म्हणून उरलेल्यांपैकी दहा चौकोन स्टीलच्या फूटपट्टीने मोजून बघा. शिंप्याची टेप वापरून वापरून ताणली जाते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. चौकोन कात्रीने कापले असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. कापलेला चौकोन ठेवून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा असं केलं की दर वेळी पेन्सिलीच्या रेघेइतकं कापड वाढतं आणि विसावा चौकोन पहिल्यापेक्षा सहज सूतभर मोठा निघतो. जाड पुठ्ठ्याचा किंवा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा एकच साचा करा, सगळे चौकोन त्यावरूनच आखा आणि कात्री रेघेच्या आतल्या कडेने चालवा.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. 'मला जमत नाही' हे वाक्य कुठल्याच पट्टीने मोजता येत नाही, म्हणून ते दुरुस्तही करता येत नाही. 'माझी माया सूतभर जास्त जाते' हे मोजता येतं आणि अर्ध्या तासात सुधारता येतं. शिकवताना बहुतेक वेळा मला हेच दिसतं: आत्मविश्वास गेला म्हणून सांगणाऱ्या बाईची एखादी चूक तिला सापडलेली नसते. चूक सापडेपर्यंत ती सगळीकडे पसरलेली वाटते, कापडात, मशीनमध्ये, स्वतःत. सापडली की ती एका जागी येते.

तुमची चूक बहुधा मशीनच्या फूटपाशी, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागापाशी आहे. बऱ्याच झिगझॅग मशीनच्या फूटची बाहेरची कड सुईपासून २ सुतांहून लांब असते. व्हिडिओतली बाई 'फूटच्या कडेला कापड लावा' म्हणते, पण तिच्या मशीनला खास पाव इंची फूट असतो. तुम्ही तिसऱ्या ओळीपर्यंत नजरेने अंदाज सुधारलात, पण नजरेवर सोडलं तर आठ दिवसांच्या खंडानंतर हात पुन्हा मूळ जागी जातो. म्हणून खूण करून ठेवा. शाळेचा मिलिमीटरचा आलेखाचा कागद घ्या आणि त्याची उजवी कड बरोबर रेघेवर कापा. कडेपासून सहाव्या मिलिमीटरच्या रेघेवर चाक हाताने फिरवून सुई टेकवा. फूट खाली करा. कागदाच्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर कागदी टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा. कापड या कठड्याला टेकून सरकतं, डोळ्यांनी पहारा करावा लागत नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, मग ६ का? शिवण उलटवल्यावर घडीत आणि दोऱ्याच्या जाडीत कापड थोडं खाल्लं जातं. त्यामुळे माया २ सुतांना काकणभर कमीच हवी.

आता खात्री करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच आली पाहिजे. कमी आली तर टेप सुईकडे केसभर सरकवा, जास्त आली तर बाहेर. पाच मिनिटांचं काम आहे. मशीन नवीन असो की आजीची, दर नव्या कामाआधी करावं.

पहिल्या दोन ओळी फेकू नका, आणि आधी उसवूही नका. तुमची शिवण कडेपासून साधारण ३ सुतांवर आहे, नवी यायची आहे २ सुतांना काकणभर कमी अंतरावर. म्हणजे नवी शिवण जुनीच्या बाहेर, मायेतच बसते. जुनी शिवण तुकडे धरून ठेवते आहेच, तेव्हा टाचण्या न लावता आधी नवी टीप मारा आणि मग जुनी उसवा. उसवताना एका बाजूने दर चौथा टाका कापायचा आणि उलट बाजूचा दोरा ओढायचा, अख्खा निघून येतो. जुन्या सुईची भोकं आता दर्शनी बाजूला येतील. पाण्याचा हात लावून नखाने घासा आणि इस्त्री करा, सुती कापडात ती बुजतात. रेशमात किंवा खणात राहतात, तिथे ही युक्ती चालत नाही. तिसऱ्या ओळीला हात लावू नका. २ सुतांचा फरक जोडताना जिरतो: दोन्ही टोकं आणि मध्य टाचून घ्या आणि ज्या ओळीचं कापड जास्त आहे ती खाली ठेवून शिवा. मशीनचे खालचे, कापड सरकवणारे दाते जास्तीचं कापड आपोआप आत ओढून घेतात. उलट ठेवलंत तर तेच कापड पुढे ढकललं जाऊन शेवटी चुणी पडते.

ओळी जोडताना कोपरे जुळायला इस्त्रीची दिशा बघा. पहिल्या ओळीतली सगळी माया डावीकडे दाबा, दुसरीतली उजवीकडे, तिसरीतली पुन्हा डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की जोडांचे उंचवटे एकमेकांत अडकतात आणि बोटांना खटकन कळतं. तिथेच टाचणी. इस्त्री उचलून ठेवायची, घासत न्यायची नाही. घासली की चौकोन तिरपा ताणला जातो, मग तो पाच इंचांचा राहत नाही आणि दोष शिवणीला लागतो.

कापडाबद्दल थोडक्यात. नवं सुती आणि जुन्या साडीचं कापड एकत्र करायचं असेल तर नवं आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शेजारचं जुनं फुगतं. लाल, गर्द निळा, जांभळा यांचा रंग तपासा: ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापड ठेवून इस्त्री दाबा. डाग उतरला तर ते दुपट्याला नको. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका. जुन्या कापडाचा जीव बघायचा तर उजेडासमोर धरून दोन अंगठ्यांनी ओढा. विरलं तर मधल्या थरात घाला, वर नको. उरेब, म्हणजे तिरपा कापलेला तुकडा लगेच ओळखू येतो, ओढल्यावर रबरासारखा लांबतो. शिकताना तो बाजूला ठेवा.

आता टाके. इथे तुम्ही स्वतःवर अन्याय करताय, आणि त्याचं कारण सासूबाईंच्या गोधडीतच आहे. ती जुन्या लुगड्यांची असणार. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, चार पदरी केलं तर दोन मीटरचे चार थर होतात. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं ते सूत सुईला अडवतच नाही. तुमच्या नमुन्यात काय आहे? बाजारातून आणलेलं खळीचं कापड आणि बहुतेक पॉलिस्टरचं भरण. नवं घट्ट विणीचं कापड सुईला अडवतं, फुगीर भरण टाका गिळतं आणि वर तो कधी छोटा तर कधी मोठा दिसतो. तुमच्या हाताची परीक्षा अवघड कागदावर चाललीय. मधल्या थराला जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे दोन पदर घ्या आणि पुन्हा घालून बघा. बाळासाठी पातळ दुपटं तसंही बरं.

दुसरी गोष्ट मोजून बघण्यासारखी आहे. एका माणसाची गोधडी साधारण ६० बाय ९० इंच. एकेका इंचावर उभे धावदोरे घातले तर ६० ओळी, एकूण ५,४०० इंच. इंचाला चार टाके धरले तरी २१,६०० टाके. एक गोधडी संपेपर्यंत हातातून एवढे टाके गेलेले असतात, आणि सासूबाईंनी ती एकच शिवली असेल असं नाही. तुमच्या तुकड्यावर किती आहेत? दोनशे? त्या गोधडीच्या चारही कडा नीट बघा, जिथून सुरुवात झाली तिथले आणि शेवटचे टाके सहसा सारखे नसतात.

टाका बारीक करण्याच्या मागे आत्ता लागू नका, सारखा करा. इंचाला पाच टाके, वरचे मोजून, पुरे आहेत. बारीक टाका सरावाने येतो. सारखा टाका मात्र सुई, दोरा आणि धरण्याची पद्धत बदलली की लवकर येतो. सुई आखूड घ्या. लांब सुई थरांत वाकते आणि कुठे निघेल ते कळत नाही. दोरा एक हात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. लांब दोरा घेतला की दोन-तीनदा ओवणं वाचतं, पण तो पिळतो, झिजतो, गाठ मारतो आणि प्रत्येक गाठीनंतर टाका बिघडतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची टोपी घाला आणि सुई त्याने ढकला, चिमटीने ओढू नका. डावा हात कापडाखाली ठेवा. सुईचं टोक खालच्या बोटाला निसटतं लागलं की लगेच वर वळायचं. तो स्पर्श हेच टाक्याचं माप आहे. आणि कापड ताठ ताणू नका, थोडा झोळ हवा, नाहीतर सुई सरळ उभी घुसते आणि दर टाका ओढून काढावा लागतो. अंगुस्तान, मेण, सुया हे सगळं बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत मिळतं. सुईच्या पाकिटावरचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मिश्र नंबरांचं पाकीट घेऊन कुठली हातात बसते ते ठरवा.

चुका लपवणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या वापरण्यात कमीपणा नाही. दोरा कापडाच्या रंगाच्या जवळचा घ्या. पांढऱ्यावर लाल दोरा सुंदर दिसतो, पण दर टाक्याची हजेरी घेतो. अस्तर बारीक छापाचं घ्या. साध्या एकरंगी अस्तरावर पाठीमागचा प्रत्येक चुकलेला टाका वाचता येतो.

सगळ्यात जास्त दुपटी बिघडतात ती थर रचताना, आणि इथे घाई करू नका. तुमचं वरचं कापड ३२ बाय साडेछत्तीस इंच होईल. अस्तर ३६ बाय ४० घ्या, सव्वा मीटरमध्ये आरामात बसतं. अस्तर उलटं करून फरशीवर पसरा. फरशीच्या सांध्यांवर कड लावली की काटकोन आयता मिळतो. चारही बाजू कागदी टेपने चिकटवा, सुरकुती जाईल इतकंच ताणा. वर भरण, त्यावर वरचं कापड, तळव्यांनी मध्यापासून बाहेर सारखं करा. मग कच्चा दोरा, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब टाके, मध्यापासून कडेकडे, दर चार इंचांवर, आधी उभा आणि मग आडवा. कडेकडून सुरुवात केली तर जास्तीचं कापड मध्ये गोळा होतं आणि पाठीमागे कायमची चुणी बसते. सेफ्टी पिना लावणार असाल तर पावसाळ्यात त्या आठवड्याहून जास्त ठेवू नका. दमट हवेत गंजतात आणि गंजाचा डाग जात नाही.

काय उसवायचं आणि काय सोडायचं याचा नियम एकदा ठरवून टाका, म्हणजे दर चुकीपाशी मन खाली-वर होत नाही. माझा असा आहे. कुठे माया सुताहून कमी उरली, पाठीमागे चुणी पडली किंवा टाक्यात एखादा थर सुटला, तर उसवायचं, कारण धुण्यात तिथेच फाटणार. कोपरा सुताच्या आत चुकला तर सोडायचं. सुताहून जास्त चुकला तर दुपटं खुर्चीवर टाकून पाच फुटांवरून बघायचं. नजर तिथे आपोआप गेली तर उसवायचं, शोधावं लागलं तर नाही. आणि रात्री उसवायचं नाही. थकल्या डोळ्यांनी दोऱ्याऐवजी कापड कापलं जातं.

तुलनेबद्दलही बोलायला हवं. व्हिडिओत जी सलग नक्षी दिसते ती बऱ्याचदा लाँगआर्म, म्हणजे गोधड्यांसाठीच्या खास मोठ्या मशीनवर, काही वेळा संगणकाच्या आखणीने घातलेली असते. तिची तुलना हाताच्या टाक्याशी करायची नाही. कोपऱ्याला कोपरा भिडलाच पाहिजे हाही सगळीकडचा नियम नाही. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात. त्या काठापासून सुरुवात करून तुकडे लावत लावत मध्याकडे जातात, आधी चौकोन आखून घेत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांच्या वाकड्या रेघांच्या, जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. तुम्ही मात्र चौकोनांची रचना निवडली आहे, आणि तिच्यात मापाला महत्त्व आहे. म्हणून तुमच्या कामाला माप लावा, दुसऱ्याच्या छायाचित्राला नाही. एक वीत बाय एक वीत नमुना दर आठवड्याला करा, कोपऱ्यात तारीख घाला आणि आधीच्या नमुन्याशेजारी ठेवा.

एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल. तुकडे निवडणं, रंग लावणं, जोडणं आवडतं पण धावदोरा घालत बसणं नकोसं वाटतं, असं असेल तर ती शंका नाही, आवड आहे. पुण्यात घरोघरच्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. वरचं कापड तुम्ही जोडा, थर शिवायला त्यांना द्या. दोन हातांनी झालेली गोधडी आपल्याकडे नवी नाही. पण टाके घालताना मन शांत होत असेल आणि फक्त बघताना खट्टू होत असेल, तर काम सोडायचं काहीच कारण नाही. घरात कुणी 'वाकडं झालं' म्हणालं तर कुठे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. सासूबाईंना तर मुद्दाम विचारा, त्या दोरा किती लांब घ्यायच्या आणि सुरुवात कुठून करायच्या. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

वेळेचा अंदाज हवा असेल तर असा. पहिल्या दोन ओळींची दुरुस्ती दीड तास. उरलेल्या पाच ओळी आणि सगळ्यांचे जोड दोन दुपारी. धावदोरा फक्त आडवा घाला: प्रत्येक जोडालगत एक आणि प्रत्येक चौकोनाच्या मधून एक, म्हणजे १५ ओळी, सव्वादोन इंचांच्या अंतराने. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागेल, शेवटी वीस मिनिटं. गोट, म्हणजे कडेची पट्टी, पाव मीटर कापडातून निघतो: सव्वादोन इंचांच्या चार पट्ट्या जोडून दुहेरी दुमडा. चहूबाजूंनी १३७ इंच लागतात, चार पट्ट्यांचे दीडशेवर होतात.

आज मात्र एवढंच करा: टेप चिकटवा, तीन पट्ट्यांची चाचणी घ्या आणि चौथी ओळ शिवा. इस्त्री करून स्टीलच्या पट्टीने मोजा. ३२ इंचांच्या २ सुतांच्या आत आली तर टेप तशीच राहू द्या आणि पाचवी घ्या. नाही आली तर टेप हलवायची आहे, कापड कपाटात ठेवायचं नाही.